छतावरची सौरवीज : क्षमता किती, बॅटरी हवी का?

प्रश्न : महिन्याला सुमारे ३०० युनिट वीज लागणाऱ्या घरासाठी किती क्षमतेची सौरयंत्रणा पुरेल? वीज गेल्यावर ती चालते का?

उत्तर : क्षमता वर्षभराच्या वीजबिलांतील सरासरी वापरावरून ठरते. महाराष्ट्रात १ किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज मिळते. त्यामुळे ३०० युनिटसाठी ३ किलोवॅटची यंत्रणा पुरेशी ठरते. तिला सुमारे ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे राज्यात साधारण १६ ते २२ अंश ठेवतात. पाण्याची टाकी किंवा झाडाची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या इतर पॅनेलचेही उत्पादन घटू शकते.

ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेत जादा वीज वाहिनीत जाते आणि नेट मीटरमुळे ती बिलातून वजा होते. पावसाळ्यातील तूट अशा शिलकीतून काही प्रमाणात भरून निघते. मात्र पुरवठा खंडित होताच अशा यंत्रणेचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना धक्का बसू नये, हा त्यामागचा हेतू. भारनियमन वारंवार होत असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो; खर्च अर्थातच वाढतो.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. धूळ साचल्यास उत्पादन घटते. म्हणून पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुतात.