जोडगाडीचा भार आणि त्याची वांटणी

माल भरणें हें मजुराचें काम, त्यांत मालकानें लक्ष घालण्याजोगें कांहीं नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु बैलाची खांदेसूज, चढावर ट्रॅक्टरचें तोंड उचललें जाणें व उतारावर ट्रॉलीचें झोल खाणें, या तिन्ही संकटांचें मूळ बहुधा एकच असतें. तें म्हणजे भाराची चुकीची वांटणी. तिचा नियम येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम आपली बंडी घेऊं. तिचा आंस म्हणजे तराजूचा कांटा समजावा. जूं आंसापासून अडीच मीटर पुढें आहे व माल १,००० किलो आहे असें धरा. मालाचा मध्य आंसाच्या १० सेंटिमीटर पुढें असेल, तर बैलांच्या मानेवर ४० किलो भार येतो. तोच २५ सेंटिमीटर पुढें सरकला, तर १०० किलो येतो. उलट, मध्य आंसाच्या मागें गेला म्हणजे बंडी उलाळ होते, जूं वर उचलतें आणि गळ्याखालच्या पट्ट्यानें बैलाचा श्वास कोंडतो. तात्पर्य, मानेवर भार थोडा असावा, पण असावा.

दोन चाकी ट्रॉलीस हाच न्याय लागू आहे. ३,००० किलो भाराचा मध्य आंसापुढें ३० सेंटिमीटर असून हूक आंसापासून ३ मीटर दूर असेल, तर हुकावर ३०० किलो पडतात. हूक ट्रॅक्टरच्या मागील आंसाच्या ६० सेंटिमीटर मागें व दोन्ही आंसांतील अंतर २ मीटर असल्यास पुढील चाकांवरचे ९० किलो कमी होतात, व मागील चाकांवर ३९० किलो वाढतात. पुढील चाकें हलकीं झालीं कीं सुकाणूं ऐकत नाहीं. त्यांतच ओढ उंच जागेवरून घेतली, तर चढावर ट्रॅक्टर मागें उलटून चालकाचा प्राण जाण्याचा धोका असतो.

मोटारीमागें जोडगाडी लावणाऱ्यांसाठीं परदेशांत दोन साधनें प्रचारांत आहेत. पहिलें, मागील पाट्यांजवळ बसविलेली हवेची रबरी पिशवी. हवा भरली कीं बसलेला मागील भाग वर येतो; गाडी समतल दिसते, पण पुढील चाकांवरून गेलेला भार परत येत नाहीं. दुसरें, भार वांटणारा हूक. त्याच्या दोन लवचिक पोलादी दांड्या जोडगाडीच्या दांडीस ताणून बांधतात. त्यांच्या तरफेनें हुकावरील भाराचा कांहीं अंश मोटारीच्या पुढील चाकांवर व कांहीं जोडगाडीच्या चाकांवर जातो. फेरफाराच्या नोंदींत जमीन एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जाते, एकूण क्षेत्र तेंच राहतें. तसेंच हें आहे.

दोन्ही साधनें एकत्र वापरतांना क्रम महत्त्वाचा आहे. जोडण्यापूर्वीं पुढील चाकावरील पत्र्याची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवावी. पिशवींत कारखान्यानें सांगितलेली किमान हवा ठेवून जोडगाडी लावावी, आणि ती उंची जवळजवळ पूर्ववत् होईपर्यंत दांड्या ताणाव्या. उरलेला झोक तेवढा हवेनें काढावा व पुन्हां मोजावें. अधिक हवेनें मागील भाग उचलला कीं दांड्यांचा ताण ढिला पडतो, व पुढील चाकें पुन्हां हलकीं होतात.

आतां आचरणाचे नियम :

१. जड माल तळाशीं व आंसाजवळ, थोडा पुढें भरावा. कापसाची बंडी उंच रचतांना तर हें विशेष पाळावें.
२. वाटेंत अर्धा माल उतरविल्यास उरलेला पुन्हां सारखा लावावा.
३. ट्रॉली ट्रॅक्टरच्या नेमून दिलेल्या खालच्या हुकासच जोडावी.
४. पिशवी, हूक किंवा पुढें लावलेलीं लोखंडी वजनें यांनीं वाहनाची भारमर्यादा वाढत नाहीं. बैलांसाठींही १९६५ च्या नियमांत जनावराचा आकार व चाकांचा प्रकार पाहून मर्यादा ठरविल्या आहेत.

आंबिया बहाराचीं संत्री कळमन्याच्या बाजारांत नेण्याची घाई असते, हें खरें. तथापि भरणी पाहण्यास लागणारीं दहा मिनिटें बैलाच्या खांद्यापेक्षां किंवा चालकाच्या जीवापेक्षां महाग नाहींत, हें प्रत्येक मालकानें ध्यानांत ठेवावें.