भुताच्या घरात ग्रुप कॉल नको

चार मित्रांनी मिळून हॉरर गेम खेळायचं ठरलं की सगळ्यात आधी डिस्कॉर्डवर कॉल लागतो. एक जण पुण्यात, एक नागपुरात, तिसरा नोकरीसाठी परदेशात. सगळे कॉलवर आले की मग गेम सुरू. या सवयीमुळे अशा प्रकारच्या उत्तम गेम्सचा जीवच जातो, असं माझं मत आहे, आणि ते हे गेम खेळूनच झालेलं आहे. भुतं, अंधार, दारामागचे आवाज या गोष्टी एकट्याने खेळायच्या गेममध्येही असतातच. चौघांच्या गेममध्ये त्यावर एक गोष्ट चढते: आपला माणूस आत्ता कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे न कळणं. सगळ्यांना सगळ्यांचं सतत ऐकू येत राहिलं, तर हे न कळणं उरतच नाही. मग गेममध्ये दम नाही म्हणून लोक तो बाजूला टाकतात, आणि दोष मात्र गेमचा नसतो.

‘फॅस्मोफोबिया’ हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. कायनेटिक गेम्सने सप्टेंबर 2020मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. जास्तीत जास्त चार जण एखाद्या पछाडलेल्या घरात जातात, पुरावे गोळा करतात आणि भूत कोणत्या जातीचं आहे ते ओळखतात. यात बोलण्याच्या दोन वाटा आहेत. साधं बोललं तर फक्त जवळच्याला ऐकू जातं. लांबच्यासाठी रेडिओ वापरावा लागतो. भूत शिकारीला निघालं की रेडिओ बिघडतो. म्हणजे मदतीची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच मदत मागायची सोय जाते. वर भुतालाही तुमचा आवाज ऐकू येतो. कपाटात लपून मराठीत कुजबुजलात तरी ते माग काढत येतं, कारण त्याचं काम आवाजाशी आहे, भाषेशी नाही. स्पिरिट बॉक्स या उपकरणावर भुताला प्रश्न विचारताना काही भुतं माणूस खोलीत एकटा असेल तरच उत्तर देतात, त्यामुळे कोणाला तरी एकट्याला आत पाठवावंच लागतं. हे सगळं माणसाला एकटं पाडण्याच्या एकाच हेतूने रचलेलं आहे. आता यावर बाहेरचा कॉल लावून बघा. रेडिओला अर्थ राहत नाही, एकटं पाठवलेला माणूस एकटा राहत नाही, आणि मेलेला गडी ‘ते जिन्यापाशी आहे’ असं कॉलवर सांगून मोकळा होतो. गेमच्या नियमाप्रमाणे मेलेल्याचा आवाज जिवंतांपर्यंत पोचायला नको असतो.

ऑक्टोबर 2023मध्ये झीकर्स या एकट्या निर्मात्याने आणलेल्या ‘लीथल कंपनी’ने हीच कल्पना आणखी पुढे नेली. ओसाड चंद्रांवर उतरायचं, भंगार गोळा करायचं, तीन दिवसांत ठरलेली रक्कम भरायची. एक जण यानातल्या मॉनिटरसमोर बसून आतल्यांना वाट सांगू शकतो, बंद दारं उघडू शकतो. पण त्यासाठी आतल्याजवळ वॉकीटॉकी हवा, आणि वॉकीटॉकी घेतला की सामानाच्या चार जागांपैकी एक गेली. थोडक्यात, संपर्क इथे फुकट मिळत नाही, भंगार कमी आणून त्याची किंमत चुकवावी लागते. बाहेर आंधळे कुत्रे फिरतात, ते तुमच्या खऱ्या बोलण्याच्या आवाजावर झडप घालतात. कॉइल-हेड नावाचा प्राणी कोणी तरी त्याच्याकडे बघत असेपर्यंतच थांबतो, म्हणून एकाने नजर रोखून धरायची आणि दुसऱ्याने निघायचं. सहकार्याची याहून चांगली परीक्षा मला दुसऱ्या गेममध्ये क्वचितच दिसते. बोलता बोलता मित्राचा आवाज मध्येच तुटतो आणि पुढे काहीच येत नाही, ही या गेममधली सर्वांत भयंकर गोष्ट आहे. कॉलवर ती घडूच शकत नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे: सोबत आली की भीती जाणारच, मग आवाज कसाही असो. ‘रेसिडेंट ईव्हिल 5’वर 2009मध्ये हीच टीका झाली होती आणि ती खोटी नव्हती. पण तिथे ख्रिस आणि शेवा ही दोन्ही पात्रं बहुतेक वेळ एकमेकांना चिकटूनच असतात. ‘डेड स्पेस 3’ने 2013मध्ये वेगळा प्रयोग केला. दोघांनी खेळताना काही ठिकाणी एकाच्या पात्राला, कार्व्हरला, भास होतात आणि शेजारच्या आयझॅकला, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राला, त्यातलं काहीच दिसत नाही. दोघे एका खोलीत, पण दोघांचं सत्य वेगळं. भीती सोबतीने मरत नाही, दोघांना सारखंच माहीत असलं की मरते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. गेममधला आवाज फाटतो, कॉलवर स्वच्छ येतो. इंटरनेट खरोखरच खराब असेल तर कॉल वापरा, पण मग मेलेल्याने स्वतःला म्यूट करायचं, एवढा नियम तरी पाळा. मेल्यावर कंटाळा येतो हेही खरं, पण ‘लीथल कंपनी’त मेलेले आपसात बोलू शकतात, उरलेल्यांची धडपड पाहू शकतात, आणि फेरी काही मिनिटांचीच असते. ज्यांना बोलता वा ऐकता येत नाही त्यांची अडचण मात्र मी मान्य करतो. आवाजावर उभ्या असलेल्या गेम्सनी त्यांच्यासाठी अजून बरंच करायला हवं. आणि ‘कॉल नको’ हा नियम सरसकट लावू नका. ‘लेफ्ट 4 डेड’मध्ये हंटर नावाच्या शत्रूने झडप घातली की साथीदाराने सोडवल्याशिवाय सुटका नसते, ‘जीटीएफओ’त झोपलेल्या शत्रूंवर सगळ्यांनी आकडे मोजून एकदम घाव घालावा लागतो. तिथे स्पष्ट बोलणं हेच हत्यार आहे, कॉल खुशाल ठेवा.

बाकी तयारी सोपी आहे. हेडफोन हवेतच, नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये जातो. घर लहान असेल, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल, तर माइकची संवेदनशीलता आधी कमी करा. तो आवाजही राक्षसांना ऐकू जाऊ शकतो. विकीवर प्रत्येक प्राण्याची माहिती वाचून येऊ नका, निदान पहिले काही दिवस. घरातलं मूल हे गेम खेळणार असेल तर सार्वजनिक लॉबीत अनोळखी माणसांशी थेट आवाजाने बोलणं होतं, हे पालकांनी लक्षात घ्यावं. ओळखीच्यांचीच खासगी लॉबी करून द्यावी. आणि गेम सुरू करण्याआधी चौघांनी मिळून कॉल बंद करा. पहिली रात्र अडखळत जाईल, तरी लगेच कॉलकडे वळू नका.