मुक्त वाचनसाहित्य व त्याचे रूपांतर

भाषेचा शिक्षक दुसऱ्याने तयार केलेला पाठ जसाच्या तसा क्वचितच शिकवितो. अवघड वाक्य तो गाळतो, परका शब्द बदलतो. ही वहिवाट जुनीच आहे. मात्र पुस्तकातील मजकूर बदलून इतरांस वाटणे एरवी कायद्यास धरून होत नसे. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 सालच्या बैठकीत पुढे आली. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने निघाले व ही अडचण दूर झाली.

प्राथमिक शिक्षकास जवळचे उदाहरण म्हणजे प्रथम बुक्स या संस्थेने 2015 साली आंतरजालावर सुरू केलेला ‘स्टोरीवीव्हर’ हा कथासंग्रह. त्यात मराठी गोष्टीही आहेत. गोष्ट उतरवून घ्यावी, छापावी, दुसऱ्या भाषेत न्यावी, सोपी करावी. लेखक व चित्रकार यांची नावे कायम ठेवावीत आणि बदल केल्याचे नमूद करावे. मात्र प्रत्येक साहित्यावरील परवाना आधी वाचावा. काही परवान्यांत बदललेले रूप वाटण्यास मनाई असते.

रूपांतर करताना शिक्षकाचा हात बहुधा उलट दिशेने चालतो. ‘बकरी पळाली’ हे वाक्य नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी असते. त्याचे ‘ती अवखळ बकरी दूरवर पळून गेली’ असे केले, की भाषा नटते आणि मूल अडते. शेवटी तात्पर्य जोडण्याचा मोहही फार. गोष्टीत ते नसेल तर बहुधा त्याची गरजच नसते. आंब्याच्या जागी मोहाची फुले घातली व चित्रात आंबाच राहिला, तर मूल चित्रावर विश्वास ठेवते.

मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात प्रथम चित्रे दाखवावीत, मुलांनी सांगितलेले शब्द फळ्यावर लिहावेत आणि त्यांतूनच चित्राखालची वाक्ये बांधावीत. मग तीच गोष्ट मराठीत वाचावयास द्यावी. अर्थ आधीच हाती असल्याने मुलाचे सारे लक्ष अक्षरांकडे राहते.

असे पाठ पुष्कळ शिक्षक करतात. पण ते वहीत किंवा भ्रमणध्वनीत पडून राहतात, आणि शिक्षकाची बदली झाली की शाळेतून जातात. नवा शिक्षक त्याच मुलांपुढे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. म्हणून रूपांतराची एक छापील प्रत शाळेच्या ग्रंथपेटीत ठेवावी, दुसरी केंद्रशाळेकडे द्यावी आणि शक्य तेथे ते मूळ संग्रहातही प्रसिद्ध करावे.