इंजिनचा पिवळा दिवा : आधी तपास, मग पार्ट



आपल्यापैकी पुष्कळांचा धंदा जुन्या गाडीच्या चाकांवर चालतो. कापडाचे गठ्ठे, फळांच्या पेट्या, वसुलीची फेरी, या साऱ्या कामांना दहा-पंधरा वर्षांची मोटार किंवा व्हॅन पुरते. अशा गाडीत एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालत असते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. पुढे ॲव्हरेज घटते, चढावर दम लागतो, तेव्हा गॅरेज गाठले जाते. तेथे एक सेन्सर बदलला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि दुसरा सेन्सर बदलला जातो. या व्यवहारात ग्राहकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीची साख जाते. म्हणून या दिव्याचा अर्थ आपण नीट समजून घेऊ.

दिवा काय सांगतो?

इंजिनवर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. कोणी कूलंटची उष्णता सांगतो, कोणी आत येणाऱ्या हवेचा दाब, कोणी सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन. ही खबर इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाते आणि तो त्यावरून पेट्रोल किती सोडायचे व ठिणगी केव्हा पाडायची ते ठरवतो. एखादी खबर हिशेबात बसली नाही की तो तिचा नंबर लिहून ठेवतो व दिवा लावतो. या नंबरालाच कोड म्हणतात.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना एकसारखे कोड व १६ पिनांचा एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला. आपल्या देशात भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ही व्यवस्था एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्यात आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात लागू झाली. सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतो. त्यापूर्वीच्या गाडीत कंपनीचा वेगळा सॉकेट असू शकतो. तेथे त्या गाडीचे मॅन्युअल पाहूनच काम करावे.

कोड म्हणजे तक्रार

आता मुख्य मुद्दा. कोड तक्रार नोंदवतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. कापडात एकसारखी चूक येऊ लागली तर आपण लगेच माग बदलत नाही. आधी सूत पाहतो, ताणा पाहतो, मग मागाकडे वळतो. येथेही तोच कायदा आहे.

उदाहरण म्हणून पी ०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही खबर ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच बदलतात. पण बिचारा सेन्सर खरे बोलत असतो. दोष असतो फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपात, मळलेल्या एअर फ्लो सेन्सरमध्ये, तुंबलेल्या पेट्रोल फिल्टरमध्ये किंवा थकलेल्या पंपात. खरे सांगणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा झाली, तर दिवा पुन्हा लागणारच.

तपासाचा क्रम

पहिली पायरी, कोड लिहून घ्या. कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, उष्णता व इंजिनचे फेरे यांची नोंदही बहुतेक गाड्यांत सापडते. हे न लिहिता कोड पुसणे म्हणजे वहीतले पान फाडणे.

दुसरी पायरी, बॅटरी व अर्थिंग. इंजिन बंद असता चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चालू असता साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी मेलेली किंवा अर्थिंगची तार गंजलेली असेल तर खोटे कोड रांगेने येतात. दोन-तीन सेन्सरांची तक्रार एकदम आली, तर ते सारे एकाच वेळी बिघडले असे मानू नका. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा किंवा सामाईक अर्थिंग तपासा.

तिसरी पायरी, डोळे व हात. उंदराने कुरतडलेली तार, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, हिरवी पडलेली पिन, निसटलेला पाइप, हे सारे फुकटात दिसते.

चौथी पायरी, चालू आकडे वाचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी चावी लावा, इंजिन सुरू करू नका. कूलंटची उष्णता आणि आत येणाऱ्या हवेची उष्णता जवळजवळ सारखी दिसली पाहिजे. मालेगावच्या मे महिन्यात पडद्यावर उणे ४० अंश दिसत असतील, तर तार तुटलेली, कनेक्टर सुटलेला किंवा सेन्सर आतून तुटलेला आहे.

हवेच्या दाबाच्या सेन्सरची परीक्षा तर आणखी सोपी. चावी चालू, इंजिन बंद, अशा वेळी त्याने बाहेरचाच दाब दाखवावा. मुंबई-भिवंडीकडे तो सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला सुमारे ८६. इंजिन सुरू होऊन आयडलवर आले की हा आकडा बहुतेक पेट्रोल गाड्यांत ३० ते ४० च्या आसपास उतरतो. उतरत नसेल तर कोठेतरी हवा चोरून आत येत असावी, किंवा इंजिनचाच दम कमी झाला असावा.

पाचवी पायरी, मल्टिमीटर. दोन तारांचा कूलंट सेन्सर थंडपणी, म्हणजे २० ते २५ अंशांत, साधारण दोन-अडीच हजार ओहम दाखवतो व ८०-९० अंशांत दोनशे ते साडेतीनशेपर्यंत उतरतो. गाडीगणिक आकडा थोडा बदलतो. ऊब वाढता ओहम घटणे ही चाल मात्र बदलत नाही. उणे ४० दिसत असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडा. पडद्यावरचा आकडा एकदम खूप वर गेला, तर वायरिंग व कॉम्प्युटर ठीक आहेत; सेन्सर बदलायला हरकत नाही. ही युक्ती फक्त दोन तारांच्या उष्णता सेन्सरसाठी आहे. तीन तारांच्या सेन्सरवर ती करू नये, नुकसान होईल.

गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते, ही तक्रार नेहमीची. सुरू होत नसतानाच स्टार्टर मारून स्कॅनरवर इंजिनचे फेरे पाहा. स्टार्टर फिरतो आहे व आकडा शून्यच आहे, तर क्रँक सेन्सर व त्याची तार यांच्यावर संशय पक्का होतो. थंड गाडीवर हा तपास करून काही हाती लागत नाही.

सीएनजीच्या गाड्या

आपल्याकडे पुष्कळ जुन्या गाड्यांना बाहेरून किट बसवलेले असते. दिवा फक्त गॅसवर लागतो की पेट्रोलवरही, हे आधी चालवून पाहा. फक्त गॅसवर लागत असेल, तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर व किटचे ट्यूनिंग आधी पाहावे. मूळ इंजिनच्या सेन्सरवर त्यानंतर यावे.

केव्हा थांबावे?

दिवा स्थिर असेल आणि गाडी बरी चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. दिवा मिचकावत असेल तर गाडी जोरात मिसिंग मारते आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गात जाऊन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. तेव्हा पाय काढून घ्यावा व गाडी उभी करावी. ऑइलचा किंवा उष्णतेचा लाल दिवा लागला, तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

तपासाची मजुरी

आता धंद्याची गोष्ट. आपले ग्राहक पार्टचे पैसे देतात, पण तपासाला दिलेल्या एका तासाचे पैसे द्यायला कुरकुर करतात. मग मिस्त्रीने कमवावे कशातून? पार्ट विकण्यातून. अंदाजाने पार्ट बदलण्याची वाईट रीत येथूनच सुरू होते, आणि तिचा अर्धा दोष ग्राहकाकडे जातो. आमचे म्हणणे असे, की मिस्त्रीने तपासाची मजुरी आधी सांगावी, ग्राहकाने ती खुशीने द्यावी, आणि बदललेला जुना पार्ट ग्राहकाच्या हाती परत द्यावा. मीटर व साधा स्कॅनर आता छोट्या गॅरेजलाही परवडतो. आपल्या मुलांनी पाना चालवण्याबरोबर आकडे वाचायलाही शिकावे. या हुनराला पुढेही मागणी राहणार आहे.

दुसरी गोष्ट गाडी विकण्याची. काही लोक दिव्यावर पट्टी चिकटवतात, काही बल्बच काढतात, काही विक्रीच्या सकाळी कोड पुसतात. घेणाऱ्याने चावी फिरवून पाहावे. इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा लागला पाहिजे व सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर समजावे की काहीतरी झाकले आहे. विकणाऱ्याने तर मदीनेच्या बाजारातला प्रसंग आठवावा. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, आतला ओला माल बोटांना लागला, आणि तो वर का ठेवला नाहीस असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. मालातला ऐब सांगून विकणे हे आपल्यावर बंधन आहे. भाव हजार-दोन हजारांनी उतरेल, पण कमाई हलाल राहील आणि गिऱ्हाईक पुन्हा येईल.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.