टेबल सहाचे दोनशे तीस

"गाडी दहा मिनिटं थांबंल, चहापाणी उरकून घ्या," असं कंडक्टर म्हणतो, तेव्हा ती दहा मिनिटं नसतात हे एसटीने फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कधी त्यांची पंचवीस होतात, कधी सात. त्या दिवशी सात झाली.

स्वारगेट-कोल्हापूर गाडी. मी आणि माझी वहिनी. खंबाटकीचा घाट उतरून थोडं पुढे गेल्यावर गाडी तिच्या नेहमीच्या हॉटेलला लागली. दोन मिसळ, एक जादा पाव, दोन चहा. मिसळ उशिरा आली आणि चहा असा की जिभेला चटका बसावा. वहिनी बशीत ओतून फुंकत होती, तोवर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी पोराला विचारलं, "किती झाले?" तो म्हणाला, "दोनशे तीस." गल्ल्यापाशी धावले, कोड स्कॅन केला, पिन टाकला. स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. तेवढ्यात गल्ल्यावरची ती छोटी पेटी खणखणीत आवाजात बोलली, अमुक रुपये प्राप्त झाले. गेले एकदाचे, म्हणत मी पळाले. मागून कोणीतरी "ओ मावशी" म्हणाल्यासारखं वाटलं. पण एसटीच्या थांब्यावर दर दहा सेकंदांनी कोणीतरी कोणाला तरी मावशी म्हणतच असतं.

पेटी बोलली होती ते एकशे चाळीस. आकडा कानात पडला होता, डोक्यात शिरला नव्हता. तो शिरला कराड यायच्या थोडं आधी. माझी एकतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर गेली आहेत. पैसे गेल्याचा मेसेज आला नाही की मला अंगावर मुंगी चढल्यासारखं होतं. फोन काढून पाहिलं तर व्यवहार 'प्रलंबित'. पेठ नाक्याला पुन्हा पाहिलं तर 'अयशस्वी'. खात्यातून एक पैसा हललेला नव्हता.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो वन्सं, ती उसळ पाहिलीत ना? मटकी शोधायला भिंग लागलं असतं. त्याचे दोनशे तीस? देवानेच हिशोब केला म्हणा."

मी हसले, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात तिची बाजू पुढे लढवूही लागले. हायवेवरचे दर तसेही चढे. ड्रायव्हर-कंडक्टरचं फुकट जेवण म्हणे आपल्याच बिलातून निघतं. एवढ्या मोठ्या हॉटेलला दोनशे तीस म्हणजे काय! आता गाडी थोडीच मागे फिरणार आहे? पैसे द्यायचे नसले की माणसाला किती चांगली वकिली करता येते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

शेवटी ठरवलं, रात्री निवांत पाठवू. कोल्हापूरला पोचलो, जेवणं झाली, आणि नऊ वाजून चौदा मिनिटांनी मी त्याच अयशस्वी व्यवहारावर जाऊन पुन्हा दोनशे तीस पाठवले. या वेळी गेले. झोप छान लागली.

इथेच माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

चार दिवसांनी भाचा त्याच्या गाडीतून आम्हाला पुण्याला सोडत होता. साताऱ्याच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, जरा त्या हॉटेलला जाऊ या. हॉटेल पलीकडच्या अंगाला. पुलाखालून वळसा, मग सर्व्हिस रोडने उलटं यायचं. "आत्या, पैसे दिलेत ना? मग आता डिझेल कशाला जाळायचं?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण कॅशियरला पावती लागते. पैसे योग्य खात्यात जमा झाले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला करमत नाही.

गल्ल्यावर मालक होते. मी तारीख, वेळ, दोन मिसळ, जादा पाव, सगळं सांगितलं. त्यांनी खालून एक लांबडी वही काढली. पानं तेलकट, कडेला रबरबँड. तारखेचं पान उघडून माझ्यापुढे फिरवलं. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं: टे. ६, २३०, कमी. पुढे एका मुलाचं नाव आणि त्याला गोल.

"गोल म्हणजे?" मी विचारलं. उत्तर माहीत असूनही.

"त्याच्या पगारातून."

"अहो, पण मी त्याच रात्री पाठवले होते!" फोन दाखवला. मालकांनी त्यांचा फोन काढला, खाली खाली सरकवत नेलं. खरंच, नऊ चौदाला दोनशे तीस आलेले. "ताई, मला काय कळणार हे कुणाचे? पार्सलचे असतील म्हणून सोडून दिले. दुपारची पाळी चारला सुटते, टेबलांचा हिशोब तेव्हाच मिटतो. रात्री नवाला मिसळीचे पैसे कोण देतंय?"

म्हणजे मालकाचं काहीच बुडालं नव्हतं. उलट पोराच्या पगारातले आणि माझे, असे दोनदा मिळाले होते. माझ्या प्रामाणिकपणाचा फायदा ज्याला व्हायचा तो सोडून भलत्यालाच झाला होता.

बँकेत असंच असायचं. संध्याकाळी रोकड मोजताना जास्त निघाली तर ती बँकेच्या सस्पेन्स खात्यात, कमी निघाली तर कॅशियरच्या पर्समधून. एकदा माझ्याकडून पाचशे जास्त गेले. कोणाला गेले ते मला पुढे कळलंही, कारण तो गृहस्थ नंतर कित्येक महिने पासबुक भरायला यायचा आणि मुद्दाम दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभा राहायचा. त्याला वाटलं असेल, बँकेचे पाचशे, बँकेला काय फरक पडतो. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहिलं की पैसे नेहमी 'बँकेचे' किंवा 'हॉटेलचे' दिसतात. आतल्या बाजूला ते कुणा एकाच्या नावावर लिहिलेले असतात.

तसं पाहिलं तर कर्मचाऱ्याच्या पगारातून असं नुकसान कापायचं असेल, तर ते त्याच्या हयगयीमुळे झालेलं असावं लागतं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. कायदा तसा आहे. पण हायवेवरच्या तेलकट वहीपुढे सतरा-अठरा वर्षांचं परगावचं पोर काय म्हणणं मांडणार?

मला माझी आजी आठवली. लालबागला तिची खाणावळ होती, गिरणीतले पंचवीस-तीस जण महिन्याच्या बोलीवर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आजीने बरेच दिवस ताटं चालू ठेवली. मग एकेक जण कोकणातल्या गावी निघून गेला, तिच्या वहीत उधारी मागे ठेवून. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत अधूनमधून पोस्टमन यायचा. चाळीस रुपयांची, साठ रुपयांची मनिऑर्डर. तिला वाचता येत नसे, म्हणून खालच्या चिठोऱ्यावरचा मजकूर मी वाचून दाखवायची: मी अमका, अमक्या महिन्याचं देणं, अजून इतके राहिले, गणपतीनंतर पाठवतो. ती वही उघडायला लावायची आणि त्या नावापुढची रक्कम माझ्याकडून खोडून घ्यायची.

त्या मनिऑर्डरीला नाव होतं, कारण होतं. माझ्या नऊ चौदाच्या दोनशे तीसला काहीच नव्हतं. रक्कम टाकताना खाली 'संदेश लिहा' अशी एक रिकामी ओळ असते. एकतीस वर्षं लोकांच्या स्लिपांवर 'तपशील भरा, तपशील भरा' म्हणून खेकसणाऱ्या बाईने ती ओळ कोरी सोडली होती.

तेव्हा, बाबांनो, तुमच्याकडून असं कधी झालं, आणि आयुष्यात एकदा तरी होतंच, तर आठवल्या क्षणी फोन करा. रात्री नाही, घरी पोचल्यावर नाही. हॉटेलचा नंबर नकाशाच्या ॲपवर बहुधा मिळतो, नाहीतर बिलावर किंवा पार्सलच्या पिशवीवर छापलेला असतो. पाळी सुटायच्या आत फोन गेला तर कुणाच्या नावाला गोल पडत नाही. फोनवर माफी मागत बसू नका, त्यांना गर्दीत तेवढा वेळ नसतो. टेबल कुठलं, किती वाजता, काय खाल्लं, वाढायला कोण होतं, एवढं सांगा. मग पैसे पाठवा, संदेशात तेच लिहा, आणि बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक त्यांना कळवा. शेवटी एक प्रश्न न लाजता विचारा: कुणाच्या पगारातून कापलेत का? हा प्रश्न विचारला की समोरचा क्षणभर गप्प होतो. होऊ द्या.

वरचे चार पैसे द्यावेसे वाटले तर मालकाच्या कोडवर पाठवू नका. ते पोराच्या हातात रोख.

खात्यातून पैसे कापले गेले, पण हॉटेलवाल्याला मिळाले नाहीत, असंही होतं. तिथे आणखी एक गोम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेल्या अशा अडकलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप तुमच्या खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे ग्राहकाच्या सोयीचं आहे, छानच आहे. पण काय होतं, हॉटेलात आपण छातीठोकपणे 'कापले गेलेत' असं दाखवतो, तो बिचारा मान डोलावतो, आणि चार दिवसांनी पैसे गुपचूप आपल्याकडे परत येतात. मेसेजांच्या ढिगात ते कोण पाहतं? त्या क्षणापासून तुम्ही न देता उठलेलेच असता. अडकलेला व्यवहार झाला की आठवडाभर पासबुकावर नजर ठेवा.

माझ्या एका वकील मैत्रिणीला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, फसवणुकीला मुळात बेइमानीचा हेतू लागतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ बघ. विसरून उठलीस तर तो गुन्हा नाही, नुसतं देणं आहे. आणि मग तिने मला एक मजेशीर गोष्ट सांगितली. मुदतीचा कायदा, १९६३ याच्या परिशिष्टात हॉटेलवाल्याने विकलेल्या खाण्यापिण्याच्या किमतीसाठी एक वेगळी नोंदच आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची खाणं तुमच्यापुढे आलं त्या दिवसापासून. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही हा प्रकार चांगलाच माहीत होता! बेइमानी कुठून सुरू होते, असं मी विचारलं तर तिने खांदे उडवले. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे: कराडच्या अलीकडे.

असं होऊच नये म्हणून काय करावं, यावर फार बोलण्यासारखं नाही. एसटीच्या थांब्यावर ऑर्डर देतानाच पैसे द्यावेत. माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये आधी कूपन घ्यायचं आणि मग पानावर बसायचं, ही १९४२ पासूनची जागा. त्यांना काय ते उगीच सुचलं नसेल. चार जण असाल तर पैसे कोण देणार ते बसतानाच मोठ्याने ठरवा, कारण 'मला वाटलं तू दिलेस' हे वाक्य नेहमी गाडी सुटल्यावरच ऐकू येतं. आणि पेटी बोलली की रक्कम ऐका, नुसता आवाज नाही.

एक मात्र करू नका. हॉटेल लांब आहे, आता कोण जातंय, म्हणून तेवढे पैसे देवळाच्या पेटीत टाकून मोकळे होऊ नका. वहिनीने मला तोच तोडगा सुचवला होता. देवाने आपल्याला मिसळ वाढली नव्हती.

पोराचं सांगायचं राहिलं. मालकांनी माझ्यासमोर ती ओळ खोडली आणि त्याला हाक मारली. फडकं खांद्यावर, खिशात ऑर्डरचं पॅड. मी म्हटलं, "बाळा, माझ्यामुळे तुझे पैसे कापले गेले. मला कळलंच नाही रे पेमेंट अडकलंय ते."

तो म्हणाला, "मी हाक मारली होती की मावशी. तुम्ही मागं बघितलं पण."

बघितलं होतं? मी आठवून पाहिलं. एसटीच्या पायरीवर एक पाय, वहिनीची पिशवी माझ्या हातात, आणि मान, हो, मान वळली होती. पोर हात वर करून उभं होतं. मला वाटलं असावं, दुसऱ्या कुणाला बोलावतंय. वाटलं असावं.

आम्ही बसलो. भाच्याने मिसळ मागवली, मी फक्त चहा. उठताना पोराच्या हातावर शंभराची नोट ठेवली, ती त्याने काही न बोलता खिशात टाकली. मग मी टेबलावरचाच कोड स्कॅन केला, पिन टाकला. तो तिथून हलला नाही. रिकामी बशी हातात धरून, गल्ल्याकडे कान लावून, पेटी बोलेपर्यंत उभा राहिला.