तलफ येते, तशी जातेही

आजचा श्लोक गीता 2.14. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सहन कर, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

सिगारेट सोडताना हा श्लोक घड्याळ समोर ठेवून वाचा. एकेक तलफ साधारण 5 ते 10 मिनिटं टिकते, मग ओढली नाही तरी ओसरते. 108 मण्यांची माळ जपायला जवळपास तेवढाच वेळ लागतो! सहन करणं म्हणजे दात-ओठ खाऊन टपरीवरच उभं राहणं नव्हे. तिथून निघा, पाणी प्या, माळ हातात घ्या. पहिला आठवडा सगळ्यात जड जातो. त्यात ‘एकच झुरका’ घेतला की निकोटिन पुन्हा मेंदूत पोचतं. फारच अवघड झालं तर 1800-11-2356 या सरकारी हेल्पलाइनवर समुपदेशक मोफत बोलतात.