सीताफळाचे ऑनलाइन दुकान व रकमेची वसुली

माल एका गावी व गिऱ्हाईक दुसऱ्या गावी असता व्यवहार कसा पुरा करावा, हा प्रश्न आजचा नाही. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने सन १८७७ मध्ये व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पार्सल पोस्टमनने न्यावे, पैसे घेऊनच ते हवाली करावे व रक्कम विक्रेत्यास पोचती करावी, अशी ती योजना होती. पुढे १८८० मध्ये टपालाची मनीऑर्डर आली. औषधे, ग्रंथ व बियाणे यांची कितीतरी दुकाने या दोन सोयींवर उभी राहिली. आज ऑनलाइन दुकान म्हणून जे ओळखले जाते त्याचे मूळ सूत्र हेच आहे. फरक इतकाच की, जाहिरात, मागणी व पैसे ही तिन्ही एकाच भ्रमणध्वनीवरून होतात. माल मात्र पूर्वीप्रमाणेच खोक्यात भरून, रस्त्याने, खड्डे सोसत जावा लागतो. ही शेवटची गोष्ट विसरल्यामुळे पुष्कळांचे नुकसान झाले आहे.

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानामुळे सर्वांस परिचित आहे. या भागातील काही सीताफळ बागायतदारांनी पुण्यातील गिऱ्हाइकांस थेट फळ पाठविण्याचा विचार केला, तेव्हा प्रस्तुत लेखकास त्यांच्याबरोबर हिशेबास बसण्याचा योग आला. विचार योग्यच होता. बीडच्या सीताफळास सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि फळे व भाजीपाला यांस महाराष्ट्रात त्याच वर्षी बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आल्यामुळे बागायतदाराने आपले फळ घरबसल्या विकण्यास कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. येथे एक खुलासा करणे जरूर आहे. मानांकनाचे चिन्ह खोक्यावर छापावयाचे असल्यास आपले नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदविलेले असावे लागते. केवळ आपले शेत बीड जिल्ह्यात आहे, एवढ्याने तो हक्क प्राप्त होत नाही.

दुकान थाटण्याआधी फळाचा स्वभाव ध्यानी घ्यावा. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर दिसू लागल्या म्हणजे फळ काढणीस येते व काढल्यापासून तीन-चार दिवसांत पिकते. शीतपेटीत ठेवावे तर त्याची साल काळी पडते. म्हणजे आज सकाळी तोडलेले फळ परवापर्यंत गिऱ्हाइकाच्या दारी गेले पाहिजे. सबब ज्या पिनकोडवर दोन दिवसांत पार्सल खात्रीने पोचते तेवढेच पिनकोड दुकानात उघडे ठेवावेत व बाकीचे बंद करावेत. नागपूरहून मागणी आली म्हणून हुरळून जाऊ नये. तूर, बाजरी अथवा करडईचे तेल यांस ही घाई नसते. नवशिक्याने पहिले सहा महिने अशाच टिकाऊ जिनसांवर हात बसवावा, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब पाहू. समजा, चार किलो फळाचे एक खोके आहे. बागेवर ६० रुपये किलोने फळाची किंमत २४० रुपये, खोके व आतील गवत ४५, भरणीची मजुरी १५ आणि पार्सलचे भाडे १६० रुपये, मिळून ४६० रुपये होतात. विक्रीची किंमत ५६० रुपये ठेवली. पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीने शेकडा २ रुपये हशील व त्या हशिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला, तर १३ रुपये २२ पैसे कापले जातात. खोक्यामागे उरले ८६ रुपये ७८ पैसे. बागायतदार येथेच थांबतात व खूश होतात. परंतु दहा खोक्यांपैकी एक जरी पिचून गेले व त्याचे पैसे परत करावे लागले, तर ते ५६० रुपये दहा खोक्यांवर वाटून प्रत्येकी ५६ रुपये वजा जातात आणि शिल्लक ३० रुपये ७८ पैसे राहते. दोन खोकी बिघडली तर खोक्यामागे २५ रुपये २२ पैसे तोटाच येतो! बागेवर ६० रुपयांनी दिले असते तर बरे झाले असते, असे म्हणण्याची पाळी येते. तलवाड्याच्या मंडळींची पहिल्या आठवड्यात नेमकी हीच गत झाली. फळे आकाराप्रमाणे न निवडता एकावर एक दोन थर भरले होते. पुढे एकच थर, देठ खाली व मधे कागदाच्या भिंती अशी भरणी केल्यावर तक्रारी कमी झाल्या. दुकानाचे यश पडद्यावरील चित्रांपेक्षा खोक्याच्या तळाशी अधिक ठरते.

दुकान मांडण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. मोठ्या बाजारपेठेवर आपला माल चढविणे हा पहिला. तेथे गिऱ्हाईक आयते मिळते, परंतु दलाली द्यावी लागते. बचत गटांसाठी उमेद मार्ट व शेतकरी कंपन्यांसाठी ओएनडीसी ही व्यवस्था याच मार्गात येते. दुसरा मार्ग स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ, अथवा सुरुवातीस व्हॉट्सॲपवरील मालसूची. कोणताही मार्ग धरला तरी निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, भाडे, विक्रेत्याचे नाव व पत्ता, तक्रारीचा क्रमांक आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट लिहाव्यात. ई-वाणिज्याचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम यासंबंधी आहेत. फळाचे छायाचित्र आपल्याच बागेतील असावे; दुसऱ्याचे टपोरे फळ दाखवून आपले लहान फळ पाठविणे ही फसवणूक होय.

परवान्यांविषयी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याने आपल्या शेतातील ताजे फळ विकल्यास अन्नसुरक्षा कायदा त्यास लागू होत नाही. परंतु त्याच फळाचा गर काढून, रबडी करून वा तुरीची डाळ पाडून विकावयाची झाल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. ताज्या फळावर वस्तू व सेवा कर नाही. वेष्टित व लेबल लावलेल्या डाळीवर मात्र १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला. अशी डाळ परराज्यात विकण्यापूर्वी कर सल्लागारास अवश्य विचारावे.

पैशाची वसुली हा या लेखाचा गाभा आहे. प्रथम बँकेत स्वतंत्र खाते काढावे. गट असल्यास ते गटाच्या नावे व दोघांच्या सहीचे असावे. घरखर्चाच्या खात्यात विक्रीचे पैसे मिसळले की कोणाचे किती, हे पुढे सांगता येत नाही व भावाभावांत वितुष्ट येते. त्यानंतर युपीआयचा क्यूआर घ्यावा. ही पद्धत राष्ट्रीय देयके महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली; बँक खात्यातून थेट येणाऱ्या अशा रकमेवर जानेवारी २०२० पासून विक्रेत्यास हशील पडत नाही. रोजच्या दहा-पंधरा मागण्यांस एवढे पुरते. मागण्या वाढल्या की कोणी पैसे दिले व कोणी दिले नाहीत, हे जुळविताना रात्र होते. तेव्हा वसुली करणाऱ्या अधिकृत कंपनीची सेवा घेऊन ती दुकानास जोडावी. पॅन, बँक खाते व पत्त्याचा पुरावा दिल्यावर ती सुरू होते. प्रत्येक मागणीस तिचा क्रमांक व त्या क्रमांकाचे पैसे आपोआप जुळतात आणि रक्कम बहुधा पुढील कामकाजाच्या दिवशी खात्यात पडते. कार्डाचा क्रमांक कोणी फोनवर सांगू लागल्यास तो लिहून ठेवू नये.

माल पोचल्यावर रोख घेण्याची पद्धत जुन्या व्ही. पी. सारखीच आहे व तिचा दोषही तोच. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले तर जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे अंगावर पडते, आणि परतलेले सीताफळ जनावरांपुढे टाकावे लागते. फळासाठी ही सवलत ठेवू नये.

एक प्रसंग सांगणे कर्तव्य समजतो. गतवर्षी एका बागायतदारास अनोळखी माणसाचा फोन आला. उपाहारगृहासाठी चाळीस खोकी हवी आहेत, भावाची घासाघीस नाही, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवितो, असे गोड बोलून त्याने एक क्यूआर धाडला व “हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील” असे सांगितले. पिन टाकताच खात्यातून ९,५०० रुपये गेले. तोडणीच्या मजुरीसाठी ठेवलेले ते पैसे होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे जातातच. तद्वतच, गिऱ्हाइकाने पाठविलेले भरण्याचे चित्र हा पुरावा नव्हे. ते चित्र बनविता येते. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम प्रत्यक्ष पाहिल्यावाचून खोके वाहनात चढवू नये. फसगत झालीच तर लाजेखातर गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच अडविता येते. आमच्या बागायतदाराने दोन दिवस घरातही वाच्यता केली नाही. तोवर ते खाते रिकामे झाले होते.

हिशेबासाठी एक साधी वही पुरे. तीत मागणीचा क्रमांक, तारीख, खोकी, आलेली रक्कम, कापलेले हशील, भाडे व परत केलेली रक्कम असे रकाने आखावेत. दर आठवड्यास बँकेचा उतारा काढून वहीशी ताळा घ्यावा, आणि ज्या मागणीचे पैसे दिसत नाहीत तिची चौकशी त्याच दिवशी करावी. परत केलेल्या रकमेपुढे कारण लिहावे: पिचले, उशीर झाला, कच्चे निघाले. तलवाड्याच्या वहीत ‘उशीर झाला’ हे कारण शनिवारी पाठविलेल्या खोक्यांपुढेच वारंवार आढळले, कारण रविवारी वाटप होत नव्हते. तेव्हापासून तेथे शुक्रवार व शनिवारी तोडणी होत नाही.